एग पिकअपनंतर पोट फुगतंय? ओएचएसएसचा धोका आधीच कसा ओळखायचा आणि घरी काय सांभाळायचं

रात्री साडेअकराला निफाडहून फोन आला. सासूबाई बोलत होत्या. "सिस्टर, सूनबाईचं पोट डम्म झालंय. गॅस धरलाय वाटतं. ओवा-सैंधव दिलं तर चालंल ना?" एग पिकअप, म्हणजे अंडाशयातून सुईनं अंडी काढून घेणं, होऊन चौथा दिवस होता. मी विचारलं, "आज सकाळी वजन किती भरलं?" घरात वजनकाटा नव्हता. मग विचारलं, "दुपारपासून लघवीला किती वेळा गेली?" पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मागून सुनेचाच आवाज आला, "एकदाच, सिस्टर. ती पण थोडीशी."

त्याच रात्री त्यांना गाडी करून नाशिकला यायला लावलं. काट्यावर उभं केलं, तर पिकअपच्या दिवशीपेक्षा साडेचार किलो जास्त. पोटात पाणी झालं होतं.

वंध्यत्वाच्या उपचारांच्या वॉर्डात मी बरीच वर्षं काढली. असे फोन खूप घेतले आणि त्यातले बरेचसे एक-दोन दिवस उशिरा आलेले होते. बायका दुखणं सोसतात, घरचे 'एवढी इंजेक्शनं घेतली, पोट जड होणारच' म्हणतात आणि मधल्या काळात रक्त घट्ट होत जातं. म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे. औषधांचे डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांना काय विचारायचं आणि घरी कशावर लक्ष ठेवायचं, ते इथे वाचा.

आधी समजून घ्या, शरीरात होतं काय

एरवी महिन्याला एकच फॉलिकल, म्हणजे अंडं वाढवणारी पाण्याची छोटी पिशवी, पूर्ण वाढतं. आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) इंजेक्शनं देऊन एकाच वेळी अनेक वाढवतात. काही जणींची अंडाशयं या इंजेक्शनांना फार जोरात प्रतिसाद देतात. पंचवीस-तीस फॉलिकल एकदम तयार होतात. यातूनच पुढे ओव्हेरियन हायपरस्टिम्युलेशन सिंड्रोम, म्हणजे ओएचएसएस होऊ शकतो.

नुसती फॉलिकल जास्त झाली म्हणून हा त्रास सुरू होत नाही. त्याला चालना मिळते ती ट्रिगरनं, म्हणजे अंडी पक्व करण्यासाठी पिकअपच्या साधारण ३४ ते ३६ तास आधी देतात त्या इंजेक्शननं. ते एचसीजीचं (गरोदरपणात तयार होणाऱ्या हार्मोनचं) असेल तर अंडाशयातून व्हीईजीएफ नावाचं रसायन भरपूर सुटतं आणि बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी पोटात उतरतं, जास्त झालं तर छातीतही साचतं.

म्हणजे अंगात पाणी आहे, पण जिथे हवं तिथे, रक्तात, नाही. वजन वाढतंय आणि तोंड मात्र कोरडं पडतंय, पोट तट्ट आहे आणि लघवी कमी होतेय, हे विचित्र वाटणारं चित्र त्यातूनच तयार होतं. रक्त घट्ट झालं की गुठळी होण्याची भीती असते. या आजारात खरी काळजी त्याचीच.

त्रास दोन वेळा गाठतो. ट्रिगरनंतर पहिल्या आठ-नऊ दिवसांत, किंवा दहा दिवसांनंतर. दुसऱ्या प्रकारात गर्भ राहिलेला असतो आणि गर्भच एचसीजी तयार करत असतो, म्हणून तो जास्त दिवस चालतो आणि बऱ्याचदा जास्त जोरात असतो. सौम्य त्रास आयव्हीएफच्या साधारण तीनपैकी एका सायकलमध्ये होतो आणि आपोआप उतरतो. मध्यम ते तीव्र त्रासाचं प्रमाण साधारण ३ ते ८ टक्के सांगितलं जातं. ट्रिगरच्या आधीच सावध राहिलं तर ते बरंच खाली आणता येतं.

पायरी १: इंजेक्शनं सुरू होण्याआधी स्वतःचा धोका ओळखा

फाइल उघडा आणि हे शोधा:

- एएमएचचा (अंडाशयात किती अंडी शिल्लक आहेत याचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट. ३.४ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या वर असेल तर धोका वाढलेला. एकक नीट बघा, काही लॅब पिकोमोल प्रति लिटरमध्ये आकडा देतात आणि तो कितीतरी मोठा दिसतो.
- पाळीच्या सुरुवातीला केलेल्या सोनोग्राफीतली छोट्या फॉलिकलची संख्या. दोन्ही बाजू मिळून २४ पेक्षा जास्त असतील तर सावध.
- पीसीओडी किंवा पीसीओएस (अंडाशयात छोट्या फॉलिकलची गर्दी होण्याचा त्रास) असं कुठे लिहिलंय का.
- आधीच्या सायकलमध्ये पोटात पाणी झालं होतं का. झालं असेल तर पहिल्याच भेटीत, न विचारता सांगा.

वय कमी आणि अंगकाठी बारीक असेल तरी धोका जास्त. तिशीच्या आतली, पन्नास किलोच्या आसपासची, पीसीओडी असलेली मुलगी समोर आली की आम्ही तिच्या फाइलवर पहिल्याच दिवशी लाल खूण करायचो.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. "माझी अंडी भरपूर होतात, म्हणजे माझं काम लवकर होणार" असं बायका आनंदानं सांगतात. पंधरा चांगली अंडी पुष्कळ झाली. तीस झाली म्हणून दुप्पट फायदा होत नाही.

आयव्हीएफ नसेल, नुसतं आययूआय (नवऱ्याचं वीर्य नळीनं गर्भाशयात सोडणं) असेल आणि त्यासाठी रोजची इंजेक्शनं दिली जात असतील, तरी हे लागू आहे. फॉलिकल फारच झाली तर त्या महिन्याचं आययूआय रद्द करायला सांगतात. ते ऐका. त्यात जुळ्या-तिळ्यांचाही धोका असतो.

पायरी २: डॉक्टरांना हे विचारा, वहीत लिहूनच न्या

ओपीडीत गर्दी असते आणि केबिनमध्ये गेल्यावर निम्मं विसरतं. नाशिकच्या गंगापूर रोड-कॉलेज रोडच्या दवाखान्यांत सकाळी नंबर लावून बसणाऱ्या बायकांना मी हेच सांगायची: प्रश्न कागदावर आणा, नवऱ्याला सोबत घ्या आणि उत्तरं त्याला लिहून घ्यायला सांगा.

"माझा प्रोटोकॉल अँटॅगोनिस्ट आहे का?" प्रोटोकॉल म्हणजे इंजेक्शनांचा ठरलेला क्रम. अँटॅगोनिस्टमध्ये पियुष ग्रंथी आधीपासून दाबून ठेवत नाहीत, अंडी वेळेआधी फुटू नयेत म्हणून शेवटच्या काही दिवसांत वेगळं इंजेक्शन देतात. जास्त धोका असलेल्या बाईला हा प्रोटोकॉल चांगला. त्यात धोका कमी असतोच, शिवाय पुढचा सगळ्यात महत्त्वाचा पर्याय मोकळा राहतो.

"फॉलिकल जास्त झाली तर ट्रिगर कोणता द्याल?" हा प्रश्न कधीही सोडू नका. एचसीजी अंगात कितीतरी दिवस टिकतं आणि अंडाशयांना चेतवत राहतं. त्याऐवजी अ‍ॅगोनिस्ट ट्रिगर (ट्रिप्टोरेलिन किंवा ल्युप्रोलाइड) दिला तर मेंदूतली पियुष ग्रंथी स्वतःचं एलएच हे हार्मोन सोडते आणि ते थोड्याच काळात ओसरतं. अंडी पक्व होतात, पण मागे रेंगाळणारं काही उरत नाही. त्यामुळे तीव्र ओएचएसएस फार क्वचित होतो. मात्र हा ट्रिगर पियुष ग्रंथी दाबलेली नसेल तरच, म्हणजे मुख्यतः अँटॅगोनिस्ट प्रोटोकॉलमध्ये, लागू पडतो. जुन्या लांब प्रोटोकॉलमध्ये पियुष ग्रंथी आधीच दाबून ठेवलेली असते, तिथे त्याचा उपयोग होत नाही. म्हणून पहिला प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचा, दहाव्या दिवशी विचारून हाती काही लागत नाही.

"सुरुवातीचा डोस कमी ठेवाल का?" पीसीओडीत कमी डोसनं सुरुवात करून वाढवता येतं. दिलेलं औषध मात्र परत काढून घेता येत नाही.

"कॅबरगोलिन द्याल का?" ही गोळी व्हीईजीएफचा परिणाम थोपवते. साधारणपणे ट्रिगरच्या दिवसापासून रोज ०.५ मिलिग्रॅम, आठवडाभर किंवा थोडं जास्त दिवस देतात. मळमळ आणि चक्कर येऊ शकते, त्यामुळे रात्री जेवणानंतर घेतलेली बरी पडते. हृदयाच्या झडपेचा आजार असेल तर आधीच सांगा. मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून स्वतःहून घेऊ नका.

"पिकअपनंतर आधारासाठी एचसीजीची इंजेक्शनं देणार आहात का?" धोका असलेल्या बाईला ती नकोत. प्रोजेस्टेरॉन चालतं.

आणि शेवटचा: "रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा? ॲडमिट करावं लागलं तर कुठे? तिथे आयसीयू आहे का?" याचं उत्तर नाव आणि नंबरसह कागदावर मिळालं पाहिजे.

दवाखाना २०२१ च्या एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, तेही बघून घ्या. अंडी दान करणाऱ्या मुलींबद्दल तर हे आवर्जून सांगते. हा कायदा २३ ते ३५ वर्षांच्या स्त्रीला आयुष्यात एकदाच अंडीदान करू देतो, एका वेळी सातपेक्षा जास्त अंडी काढायला मनाई करतो आणि तिच्या नावानं बारा महिन्यांचा विमा सक्तीचा करतो. पैशाची गरज दाखवून कुणी पुन्हा पुन्हा इंजेक्शनं घ्यायला लावत असेल तर ते बेकायदेशीर आहे. त्या मुलीच्या जिवाशी तो खेळ आहे, कारण या त्रासाचा पहिला बळी तरुण, भरपूर अंडी असलेली मुलगीच ठरते.

पायरी ३: ट्रिगरची रात्र

इंजेक्शनं सुरू झाल्यावर दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी होते. एकही चुकवू नका, घरी द्राक्षाचा तोडा असो की लग्न. शेवटच्या सोनोग्राफीत मध्यम-मोठी फॉलिकल २५ च्या वर, किंवा रक्तातलं इस्ट्रॅडिओल (फॉलिकलमधून सुटणारं हार्मोन) ३५०० पिकोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या वर गेलं, की निर्णयाची वेळ आली असं समजा. डॉक्टर ट्रिगर बदलतील, ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात सोडणं) पुढे ढकलतील, किंवा अगदीच हाताबाहेर जात असेल तर सायकल थांबवतील.

ट्रिगर बऱ्याचदा घरी किंवा जवळच्या कंपाउंडरकडून घेतला जातो. घेण्याआधी खोक्याचा फोटो काढा आणि ठरल्याप्रमाणेच औषध आहे ना, ते मेसेजवर विचारून घ्या. तारीख आणि वेळ वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढचे सगळे दिवस याच तारखेपासून मोजायचे आहेत.

पायरी ४: 'ट्रान्सफर या महिन्यात नाही' हे घरी कसं सांगायचं

औषधांपेक्षा हीच पायरी अवघड जाते. डॉक्टर म्हणतात, सगळे भ्रूण गोठवू, एक-दोन पाळ्यांनंतर ट्रान्सफर करू. घरी गेल्यावर प्रश्न सुरू होतात. "मग एवढे पैसे कशाला भरले?" "काही बिघडलं का?" "शेजारच्या तिचं तर लगेच केलं." आणि ती मुलगी दुसऱ्या दिवशी येऊन हात जोडते, "सिस्टर, डॉक्टरांना सांगा ना, याच महिन्यात टाका म्हणावं."

त्या सासूबाईंना, त्या नवऱ्याला मी समोर बसवून समजावायची. आता भ्रूण सोडला आणि गर्भ राहिला, तर तो गर्भ रोज नवं एचसीजी तयार करणार. सुजलेल्या अंडाशयांना तेच खाद्य मिळणार. त्रास उतरायच्या ऐवजी आठवडेच्या आठवडे चढत जाणार. थांबलो तर पाळी येते, अंडाशयं पूर्ववत होतात आणि भ्रूण गोठलेल्या अवस्थेत सुखरूप राहतात.

यात यशाची शक्यताही कमी होत नाही. २०१६ मध्ये चीनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात पीसीओएस असलेल्या १,५०८ स्त्रिया होत्या. भ्रूण गोठवून नंतर सोडलेल्या गटात ४९.३ टक्के स्त्रियांना मूल झालं, लगेच सोडलेल्या गटात ४२ टक्के. ओएचएसएसचं प्रमाण पहिल्या गटात १.३ टक्के होतं, दुसऱ्यात ७.१. गोठवलेल्या गटात गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचा त्रास मात्र जास्त दिसला, म्हणून पुढे गर्भ राहिल्यावर रक्तदाबाची तपासणी काटेकोर करायची.

गोठवण्याचा आणि साठवणुकीचा खर्च वेगळा लागतो. तो पॅकेजमध्ये आहे की नाही, हे पहिल्या दिवशीच विचारा. पैशाचं नियोजन आधी झालेलं असेल तर 'थांबा' हा सल्ला पचवायला सोपा जातो.

पायरी ५: पिकअपनंतरची वही

एवढ्यासाठी तीन गोष्टी घरी आणून ठेवा: डिजिटल वजनकाटा, शिवणकामाची टेप आणि मापाच्या खुणा असलेलं प्लॅस्टिकचं भांडं. हजार-बाराशेत काम होतं.

रोज सकाळी उठल्यावर, लघवी करून, चहा घेण्याआधी, त्याच गाऊनवर वजन करा. पाठीवर झोपून बेंबीवरून टेप फिरवा आणि पोटाचा घेर लिहा. दिवसभरात काय काय प्यायलात ते कप किंवा ग्लासात लिहा. लघवी त्या भांड्यात करून मोजा आणि चोवीस तासांची बेरीज मांडा. हे करायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. एकत्र कुटुंबात, एकच बाथरूम असलेल्या घरात तर फारच. पण 'बरी होतेय' आणि 'कमीच होतेय' यातला फरक अंदाजानं कळत नाही.

दोन आठवडे लिहा. ट्रान्सफर झालेली असेल तर प्रेग्नन्सी टेस्टच्या पुढेही चालू ठेवा.

खाण्यापिण्याचं म्हणाल, तर तहानेप्रमाणे प्या. "पाच लिटर पाणी पी, सगळं बाहेर पडेल" हा सल्ला चुकीचा आहे. नुसत्या पाण्याचा भडिमार करून पोटातलं पाणी जात नाही आणि रक्तातले क्षार पातळ होतात. ओआरएस, मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत, डाळीचं पाणी, नाचणीची आंबील, शहाळं असं थोडं थोडं चालू ठेवा. अंडी, मूग, पनीर, दही यातून प्रथिनं मिळतात. ती खावीत, पण प्रोटीन पावडरचा डबा संपवला म्हणून पाणी ओसरेल असं नाही. मिसळीसारखं झणझणीत काही दिवस बाजूला ठेवा, कारण मग उलटी तिखटानं झाली की आजारानं, हे सांगता येत नाही.

दुखलं तर पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसेक्लोफिनॅक या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत, अशा वेळी मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी वाढवणारी गोळी तर अजिबात नको. रक्त आधीच घट्ट असतं, ती ते आणखी घट्ट करते.

अंथरुणाला खिळून राहू नका. घरात, अंगणात फिरत राहा, पायाच्या पोटऱ्या हलत्या ठेवा, गुठळीचा धोका त्यानं कमी होतो. पण कळशी-हंडा उचलणं, मळ्यातली कामं, खड्ड्यांतून दुचाकी, कमरेतून पिळे देणारी आसनं आणि शरीरसंबंध बंद. अंडाशय मोठं आणि जड झालेलं असतं, ते स्वतःभोवती पिळलं जाऊ शकतं. पोट चोळून घेणंही याच कारणासाठी टाळा. घरातल्या थोरल्या बाया मायेनं तेल घेऊन येतात. त्यांना प्रेमानं नाही म्हणा.

पायरी ६: फोन कधी, गाडी कधी

पोट जरा जड, थोडी मळमळ, लघवी व्यवस्थित, वजन जवळपास स्थिर असेल तर घरी थांबा आणि वही लिहीत राहा.

एका दिवसात वजन एक किलोपेक्षा जास्त वाढलं, घेर रोज वाढतोय, दोन-तीन वेळा उलटी झाली, किंवा लघवी गडद आणि कमी झाली, तर त्याच दिवशी फोन करून रक्ततपासणी आणि सोनोग्राफीला जा. उद्यावर टाकू नका.

आणि यातलं एकही दिसलं तर थेट हॉस्पिटल:

- चोवीस तासांत लघवी अर्धा लिटरपेक्षा कमी
- दम लागणं, आडवं झाल्यावर श्वास अडकणं, छातीत दुखणं
- पाणीही पोटात न टिकणं
- पोटात एका बाजूला अचानक जोराची कळ
- एका पायाची पोटरी सुजणं-दुखणं, किंवा मानेला अथवा एका हाताला सूज
- चक्कर येऊन पडणं, तीव्र डोकेदुखी, बोलणं किंवा नजर अडखळणं

मानेची आणि हाताची सूज मुद्दाम लिहिली. गुठळी पायातच होते असा समज आहे, पण या आजारात ती मानेच्या आणि हाताच्या शिरांतही होते आणि तिथे कुणी बघत नाही.

सुरगाणा, पेठ, येवला, मालेगावकडून येणाऱ्यांना माझी विनंती, पिकअपनंतरचे पहिले सात-आठ दिवस शक्य असेल तर शहरात नातेवाइकांकडे राहा. रात्री घाटातून येणं आणि दिवसा नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत अडकणं, दोन्ही अशा वेळी परवडत नाही. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. पर्वणीच्या दिवसांत पंचवटी आणि आसपासचे रस्ते वाहनांना बंद होतात, तेव्हा त्या तारखा बघूनच सायकल ठरवा. गाडी मिळाली नाही तर १०८ ला फोन करा.

आणि दुसऱ्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जावं लागलं, तर दारातच हे वाक्य म्हणा: "आयव्हीएफची इंजेक्शनं झाली आहेत, ट्रिगर अमुक तारखेला, पिकअप अमुक तारखेला, ओएचएसएसची शंका आहे." काही घरांत आयव्हीएफची गोष्ट लपवलेली असते आणि सोबत आलेला दीर किंवा चुलता 'गॅस झालाय' एवढंच सांगतो. मग अपेंडिक्स किंवा गाठीच्या शंकेनं भलतीकडे धावपळ होते. डॉक्टरांपासून काही लपवू नका. हवं तर नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

ॲडमिट केलं तर

रक्तात हिमॅटोक्रिट, म्हणजे तांबड्या पेशींचं प्रमाण, बघतात. ते ४५ टक्क्यांच्या वर म्हणजे रक्त घट्ट झालंय, ५५ च्या वर म्हणजे परिस्थिती गंभीर. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), क्षार, लिव्हरच्या तपासण्या, रोजचं वजन आणि लघवीचा हिशेब. गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीत रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन देतात, त्याला नाही म्हणू नका. गरज पडली तर अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) लावतात.

पोटातलं पाणी सुईनं काढायचं म्हटलं की घरचे घाबरतात. सोनोग्राफीत बघत, जागा बधिर करून ते काढतात. पाणी निघालं की श्वास मोकळा होतो, लघवीही सुरू होते. रात्रभर बसून काढलेली बाई त्यानंतर पहिल्यांदा आडवी होऊन झोपलेली मी पाहिली आहे.

गर्भ नसेल तर पाळीपर्यंत, साधारण आठ-दहा दिवसांत, त्रास उतरतो. गर्भ राहिला असेल तर काही आठवडे लागतात. अशा बहुतेक गरोदरपणांचा पुढचा प्रवास नीट होतो, पण गुठळीचा धोका लगेच संपत नाही, म्हणून रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं काही आठवडे चालू राहू शकतात.

डिस्चार्ज घेताना कार्डावर ओएचएसएस असं स्पष्ट लिहून घ्या. सोबत ट्रिगरचं नाव, किती अंडी निघाली, इस्ट्रॅडिओल किती होतं आणि सगळ्यात जास्त हिमॅटोक्रिट किती गेलं, हेही. पुढच्या डॉक्टरांना औषध ठरवायला हाच कागद लागतो.

निफाडच्या त्या मुलीला सहाव्या दिवशी घरी सोडलं. जाताना सासूबाईंनी मेनरोडवरून वजनकाटा घेतला. नंतर दहा दिवस रोज सकाळी सातच्या सुमाराला त्यांचा फोन यायचा. नमस्कार-चमत्कार न करता त्या आधी आकडा सांगायच्या.